वरच्या ओळीतला शेवटचा खिळा

प्रिय बारक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आपल्या गल्लीतले बसवाले रोज तुझ्या गावावरून गाडी नेतात. त्यांच्याच हाती देते, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. अर्धं शटर खाली ओढून गल्ल्याशी बसले आहे. दुपारी दुकान मिटायची आपल्याकडे पद्धत नाही हे तुला मी सांगायला नको, पण सध्या उघडं ठेवून तरी काय माश्या मारायच्या? सकाळपासून दोन गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक पत्ता विचारायला. पाव पडून पडून कडक झाले. अंडी आम्हीच खातोय.

झालंय काय ते आधी सांगते. समोरच्या शिंपीणकाकूंच्या घरी चोरी झाली. त्यांच्या आईच्या सोन्याच्या बांगड्या, नातीसाठी जपून ठेवलेल्या, पिठाच्या डब्यातून गेल्या. काकू डोळे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या, तेवढ्या दुपारात. कुलूप फोडलेलं नाही, कडी वाकलेली नाही, घरात काही उचकलेलं नाही. चोर सरळ दार उघडून आत गेला आणि जाताना पुन्हा नीट कुलूप लावून गेला. काकूंची एक किल्ली त्यांच्या पिशवीत होती आणि दुसरी आपल्या भिंतीवर. मग पोलीस कुठे येणार? आपल्याकडेच आले. सोमवारी त्यांनी तुझ्या दाजींना चौकीवर बोलावलंय, आणि या वेळी नुसतं विचारून सोडणार नाहीत, असं स्पष्ट सांगून गेलेत.

आपल्या वडलांना, अण्णांना, काय हौस होती रे त्या भिंतीची! दुकान लहान, माल बेताचा, पण अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या आपल्याकडे. कोणी बाहेर जाताना ठेवायचं, कोणी विसरभोळं म्हणून कायमची एक टांगून ठेवायचं. किल्लीवर नाव लिहायचं नाही हा अण्णांचा नियम. नावाऐवजी खूण. नर्सबाईंच्या किल्लीला थर्मामीटरचं टोपण, बसवाल्यांच्या किल्लीला नट, मास्तरांच्या किल्लीला पेन्सिलीचा तुकडा आणि शिंपीणकाकूंच्या किल्लीला हिरवं कोटाचं बटण. तुझीसुद्धा होती, शिट्टीवाली. त्या शिट्टीने तू गल्लीचे कान किटवलेस म्हणून अण्णांनी ती काढून घेतली आणि घराच्या जादा किल्लीला बांधून तुझ्या नावाने टांगून दिली. तू रडून गोंधळ घातला होतास. मी तुला खडीसाखर देऊन गप्प केलं, आणि दुसऱ्या दिवशी बरणीत खडीसाखरच उरली नाही तेव्हा बोलणी मी खाल्ली.

आता ती भिंत बघवत नाही. चोरीची बातमी फुटली आणि एकेक जण यायला लागलं. तोंडावर कुणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. नर्सबाई म्हणाल्या, माझी एक हरवली ना, म्हणून ही नेते. बसवाले म्हणाले, कुलूपच बदलतोय. नजर मात्र सगळ्यांची जमिनीवर. ज्या बायकांची पोरं शाळा सुटल्यावर आपल्या पोत्यांवर बसून गृहपाठ करायची, त्या आता पोरांना बाहेरच्या बाहेर घेऊन जातात. परवा तर कोपऱ्यावरची एक जण मोठ्या चौकातून साबण-तेल घेऊन आली आणि आपल्या दारावरून जाताना पिशवी पदराआड धरली. मला हसूही आलं आणि असा संताप आला म्हणून सांगू! पदराआड काय लपवतेस बाई, तुझ्या बाळंतपणात तुझ्या घरचं दार मीच उघडत होते की.

आणि दाजी? ते रोजच्यासारखे शटर वर करतात, झाडू मारतात, बरण्या पुसतात. पुसलेल्याच बरण्या परत पुसतात. जेवताना पानात बोटं फिरवत बसतात. कारखाना बंद पडल्यावर हा माणूस दुकानात आला तेव्हा त्याला तराजू धरता येत नव्हता. गल्लीने थट्टा करत करत त्याला आपलं म्हटलं. तीच गल्ली आता त्याच्या हातून सुटे पैसे घेताना हात आखडते. त्यांनी चिडावं, भांडावं, माझ्यावर ओरडावं म्हणून मी वाट बघते. छे, त्याचं नाव नको.

आज सकाळी मात्र कहर झाला. मास्तरांची दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच. तुला आठवतं ना, एकटे राहतात, म्हणून दूध उचललेलं दिसलं नाही की आपण किल्ली घेऊन जाऊन बघायचं, हे अण्णांच्या वेळेपासून ठरलेलं. मी सवयीने भिंतीकडे हात केला. खिळा रिकामा. मास्तरांच्या मुलाने दोनच दिवसांपूर्वी किल्ली परत नेली होती. मी आणि दाजी दार वाजवत राहिलो. आतून कण्हल्यासारखा आवाज येतोय आणि आम्ही बाहेर! शेवटी सुताराला बोलावून दार फोडलं. न्हाणीत पडले होते. मांडीचं हाड मोडलंय, अंग गार पडलं होतं. दवाखान्यात नेताना माझा हात धरून म्हणाले, किल्ली नेऊ नको म्हणत होतो गं, पोराने ऐकलं नाही. आणि एवढं होऊनसुद्धा, बारक्या, जमलेल्या गर्दीत कुणीतरी पुटपुटलंच, यांना बरं कुणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. दाजींनी ऐकलं. मी घरी येऊन मोरीत तोंड धुता धुता रडले.

आता जे सांगायचं आहे ते लिहायचं मी इतका वेळ टाळलं. पण आज नाही लिहिलं तर कधीच नाही.

अण्णा गेल्यावर मी भिंतीवरच्या किल्ल्या बदलून लावल्या. त्यांच्या वेळी घरांच्या क्रमाने असायच्या. माझी उंची ही अशी, वरच्या ओळीला हात पुरत नाही, म्हणून रोज लागणाऱ्या मी खाली आणल्या. काकू दिवसाआड किल्ली विसरतात, त्यांचं हिरवं बटण अगदी गल्ल्याशेजारी. वरची ओळ तेव्हापासून रिकामी, तिथे फार तर कात्री नाहीतर सुतळी. पोलिसांनी काकूंची किल्ली मागितली तेव्हा दाजींनी गल्ल्याशेजारी हात घातला, तर ती नाही. खाली पडली का बघितलं, डबे सरकवले. मग पोलिसानेच वर बोट दाखवलं. वरच्या ओळीत, शेवटच्या खिळ्याला, हिरवं बटण लटकत होतं. तो म्हणाला, लपवून ठेवलीत वाटतं?

ती जागा दाजींना माहीतच नाही, ते दुकानात आले तेच अण्णा गेल्यावर, मी किल्ल्या बदलून लावल्यानंतर. त्यांनी ती ओळ कधी भरलेली पाहिलीच नाही. ती जागा अण्णांना माहीत होती, मला माहीत आहे, आणि आणखी एकाला. अण्णा त्याला स्टुलावर उभं करून हाताने दाखवायचे. वरची ओळ, शेवटचा खिळा, शिंपीणकाकू. त्या माणसाला बटण ओळखायला नाव लागत नाही, आणि परत टांगताना त्याचा हात आपोआप वर जातो.

पोलिसाने विचारलं, त्या दुपारी गल्ल्यावर कोण होतं? मी तोंड उघडलं. दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मीच होतो, किल्लीही मीच वर टांगली. अरे, ते तर माल आणायला बाजारात गेले होते! पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मोरीत दोन कप पाहिले होते. कोण आलं होतं म्हणून विचारलं, तेव्हा मी हौसेने सांगितलं होतं, बारक्या आला होता, किती दिवसांनी आला, मी मास्तरांना सामान द्यायला गेले तेवढा वेळ दुकानही सांभाळलं. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. तू माझा कोण आहेस, आई गेल्यावर मी तुला कसं वाढवलं, हे त्यांना माहीत आहे. माझा भाऊ वाचावा म्हणून तो माणूस स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून बसलाय. आणि मी त्याला बसू देतेय, याची मला शिसारी येते.

काकूंनी आपल्या दुकानातच नातीच्या बांगड्यांची गोष्ट सांगितली होती, चोरीच्या आधीच्या खेपेला तू आलास तेव्हा. तू हसत होतास, पिठाच्या डब्यात कोण ठेवतं म्हणून. तुझं काय अडलंय, काही गळ्याशी आलंय का, हे मला माहीत नाही. मला सांगायचं होतंस रे. मी माझ्या हातातल्या काढून दिल्या असत्या. तुझे शाळेचे सदरे ज्या बाईने एक पै न घेता शिवले, तिच्याच पिठात हात घातलास? लिहिताना मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते आणि लगेच तू जेवलास का हेही मनात येतं. काय करू या मनाचं, सांग.

तर ऐक. सोमवारी दाजी चौकीवर जायला निघतील, त्याआधी मी गेलेली असेन. तिथे मी सांगणार आहे की वरच्या ओळीतला शेवटचा खिळा माझ्या नि माझ्या भावाशिवाय कुणाला ठाऊक नाही. दाजींना मी अजून बोललेले नाही, बोलले तर ते मला अडवतील. अडवलं तरी मी थांबणार नाही. उद्याचा रविवार मी तुझ्यासाठी ठेवला आहे, तेवढंच सांगायला हा कागद लिहिला. उद्या ये. बांगड्या स्वतःच्या हाताने काकूंच्या ओटीत घाल, मग चौकीवर तुझ्याबरोबर मी येते. जे होईल ते दोघं बघू. शटर पूर्ण वर असेल. मागच्या बोळातून येऊ नकोस, दिवसाउजेडी पुढून ये, सगळ्यांसमोर. सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या नेल्या. भिंतीवर आता एकच उरली आहे, शिट्टीवाली. ती मी काढलेली नाही.

तुझीच,
ताई