पुढच्या चाकाच्या चार तारा

मी, हरिहर भिकाजी मुळ्ये, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कारकून, राहणार खालची आळी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला कोणी मागितला नाही, पण शेजारच्या कुकरची शिटी कोणत्या पट्टीत वाजते ते मी अजून सांगू शकतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव टाकावा इतके माझ्याजवळ काही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

हे लिहितो आहे ते मुख्यतः कलम पाचसाठी. नझीर इस्माईल होडेकर, राहणार राजिवडा, या माणसाचे नाव माझ्यामुळे एकोणचाळीस वर्षे खराब राहिले. ते मला साफ करायचे आहे, आणि तो हयात असताना. बाकीची कलमे वकिलांनी सांगितले म्हणून आहेत.

कलम एक. खालच्या आळीतले माझे राहते घर, पुढची पडवी आणि परसातली हापूसची दोन झाडे माझ्या धाकट्या भावाची मुलगी भार्गवी हिला द्यावीत. ती दापोलीला विद्यापीठात नोकरी करते. माझी पत्नी आनंदी चौदा महिने अंथरुणावर होती, तेव्हा ही पोर दर शनिवारी एसटीने हाडे खिळखिळी करून घेत यायची आणि रविवारी काकूचे केस विंचरून परत जायची. तिचा भाऊ शौनक याला घरात वाटा नाही. त्याला राग येईल. चौदा महिन्यांत तो दोनदा आला, आणि दुसऱ्या खेपेस सायकलींचे फोटो काढून गेला.

कलम दोन. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही भार्गवीचेच. मला मूलबाळ नाही. का नाही, ते पुढे येईल.

कलम तीन. माझी पेटी. दुहेरी सुरांची, वडिलांनी घेतलेली, भात्याचे चामडे मी दोनदा बदललेले. ती आळीच्या भजनी मंडळाला द्यावी असे मी कालपर्यंत ठरवले होते. सव्वीस गणपती मी मंडळासोबत घरोघरी वाजवले. मी मोठा वादक नव्हे. कोणाकडे रीतसर शिकलो नाही. ऐकून ऐकून बोटे बसली तेवढीच. पण गाणाऱ्याचा सूर खाली घसरला की त्याला न दुखावता वर कसा घ्यायचा, ते मला जमायचे. गेल्या भाद्रपदात मंडळाने विजेवरचा कीबोर्ड आणला आणि मला सांगितले, “काका, तुम्ही आता बसून ऐका. दमता तुम्ही.” मी दमलो नव्हतो. त्या कीबोर्डवर एक बटण आहे, ते दाबले की कोणतीही पट्टी मिळते, म्हणून गाणारेही आता कसेही गातात. तरीही पेटी मंडळालाच द्यावी. राग आहे, पण पेटी वाजत राहिली पाहिजे. पावसाळ्यात ती पलंगाखाली ठेवू नये, ओलीने स्वर अडकतात.

कलम चार. माझ्या सायकली. चालू स्थितीतल्या तीन आहेत: एक हंबर, एक रॅले आणि एक बीएसए, तिन्ही विलायती, तिन्ही माझ्याहून वयाने मोठ्या. हंबरचा पुढचा चिमटा दुहेरी आहे, तसा आता बनत नाही. रॅलेचा डायनामो अजून दिवा लावतो. शौनकच्या पुण्यातल्या मित्राला हॉटेलच्या भिंतीवर एक सायकल टांगायची आहे, खाली पिवळे बल्ब लावून. माझ्या हयातीत नाही म्हणालो, मेल्यावरही नाही. सायकल टांगली की तिच्यातले ग्रीस सुकते, छर्रे गंजतात, आणि बघणारा म्हणतो किती छान. या तिन्ही नझीरची नात अजरा हिला द्याव्यात. ती इथल्या एका कॉलेजात शिकवते आणि चाकाचा आऊट काढायला आजोबांकडून शिकली आहे. चाक गरगर फिरवून ते कुठे डुगडुगते ते ती डोळे बारीक करून बघते, तेव्हा मला चाळीस वर्षांपूर्वीचा नझीर दिसतो. अट एकच, चालवाव्यात. साखळीला खोबरेल तेल लावू नये.

चौथी सायकल आनंदीची. बायकांची हंबर, हिरवी. तिच्याविषयी पुढच्या कलमात.

कलम पाच. हे सावकाश वाचावे.

१९८६ साली नझीरचे सायकलचे दुकान आमच्या आळीच्या तोंडाशी होते. त्याच्याइतके सरळ चाक रत्नागिरीत कोणी करत नसे. पालीहून लोक चाके घेऊन यायचे. आनंदी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि शाळेला हिरव्या हंबरवरून जायची. त्या नोव्हेंबरात तिच्या पुढच्या चाकाची रीम खड्ड्यात आपटून एका जागी चिरली. त्या मापाची रीम इथे मिळत नव्हती, नझीरने कोल्हापूरला सांगून ठेवली. तोवर काम भागावे म्हणून त्याने चिरलेल्या जागेच्या चार तारा मुद्दाम ढिल्या ठेवल्या आणि तो ताण आजूबाजूच्या तारांवर वाटून दिला. चाक जवळजवळ सरळ झाले. देताना तो मला म्हणाला, “मुळ्ये, या चार तारांना हात लावू नका हां. रीम तिथं चिरलेली हाय.” मी दुकानाची पायरी उतरलो तर पुन्हा हाक मारून म्हणाला, “तुमचा कान लय वाईट. सूर जुळवायला जाल नि चाक घालवाल.” आम्ही दोघेही हसलो.

रविवारी दुपारी आनंदी शेजारी गेली होती. मी सायकल पुसायला घेतली. तारांवरून नख फिरवले. छत्तीस तारांपैकी चार भद्द वाजत होत्या. आधी सोडून दिले. मग पुन्हा नख फिरवले. ज्याला हा रोग नाही त्याला सांगून कळणार नाही: जेवता जेवता मला त्या चार तारा ऐकू येत होत्या. शेवटी मी पेटी पडवीत आणली, काळी चार धरली आणि निपल पान्याने एकेक तार आवळत त्या पट्टीला आणली. छत्तीसच्या छत्तीस. चाक फिरवून नख धरले तर असा एक अखंड सूर निघाला की मला फार आनंद झाला. मला माझा अभिमान वाटला, हेही लिहितो.

सोमवारी सकाळी परटवण्याच्या उतारावर रीम चिरेतून उघडली, तारा सुटल्या आणि पुढचे चाक बसले. आनंदीचे कंबरेचे हाड मोडले. तिला तिसरा महिना चालू होता. आम्ही अजून कोणाला सांगितले नव्हते. मूल राहिले नाही, आणि पुढे कधीच राहिले नाही.

सायकल मी नझीरच्या दुकानात टाकली. का टाकली, माहीत नाही. मोडलेली सायकल आणखी कुठे न्यायची? त्याने वाकडे चाक हातात घेतले आणि ज्या तारा शाबूत होत्या त्या एकेक वाजवल्या. मग माझ्याकडे बघितले. चाक भिंतीला टेकवून ठेवले. मी पायरी उतरून घरी आलो.

तीन महिन्यांनी आनंदी काठीवर चालू लागली. आळीच्या तोंडाशी आली आणि गिऱ्हाइकांसमोर नझीरला म्हणाली, “फुटकी रीम बसवून दिलीत ना? माझं लेकरू खाल्लंत तुम्ही. तुमच्या हाताला यश येऊ नये.” मी शेजारी उभा होतो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. नझीर हातातला पाना पुसत राहिला आणि म्हणाला, “वहिनी, घरी जावा. ऊन हाय.”

बाई शाळेतल्या, त्यांचा शब्द घरोघरी. लोकांनी चाके दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. दोन वर्षांत दुकान बंद झाले आणि नझीर मस्कतला गेला. तिथे त्याने सतरा वर्षे दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये काम केले. त्याचे वडील गेले तेव्हा त्याला येता आले नाही. मी त्या दफनाला गेलो होतो. मागे उभा राहिलो.

मी का बोललो नाही याला कारण एकच, आणि ते चांगले नाही. मी सांगितले असते तर आनंदी मला सोडून गेली नसती. ती राहिली असती, आणि रोज जेवायला वाढताना माझ्याकडे बघितले असते. ते बघणे मला सोसणार नव्हते. म्हणून मी ते नझीरला दिले.

जाण्यापूर्वी दोन दिवस आनंदी शुद्धीवर होती. मला जवळ बोलावून म्हणाली, “नझीरभाईंना सांगा हो, मी माफ केलं त्यांना. उगाच मनात ठेवून जायचं कशाला?” मी हो म्हणालो. तेव्हाही मी खरे बोललो नाही. तिने सदतीस वर्षे भलत्याच माणसाला दोष दिला आणि शेवटी माफीही भलत्यालाच दिली. ज्याला हवी होती तो तिच्या उशाशी पाण्याचा पेला धरून बसला होता.

तिचे दिवस झाल्यावर मी राजिवड्याला गेलो आणि निरोप सांगितला. नझीर म्हणाला, “वहिनी मोठ्या मनाची. बसा, चहा घ्या.” मग मला राहवले नाही, मी सगळे सांगितले. तो म्हणाला, “ते तर मला त्याच दिवशी समजलं. तारा वाजवून बघितल्या, सगळ्या एका सुरात. माझ्या हातची चाकं एवढी सुरात कधी होती?” मी विचारले, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, “वहिनी तुमच्या खांद्याला धरून उभ्या होत्या, मुळ्ये. मी काय बोलणार होतो?”

म्हणून मी शपथेवर लिहून देतो: नझीर होडेकर याच्या कामात काही खोट नव्हती. दोष माझा, माझ्या हाताचा, आणि त्याहून मोठा माझ्या तोंडाचा.

आनंदीची सायकल मी नंतर परत आणून दुरुस्त केली, नवीन रीम घालून. तिच्यावर कोणी बसले नाही. तिचे काय करायचे ते मला इतक्या वर्षांत कळलेले नाही. भार्गवीने ठरवावे.

कलम सहा. माझ्या तेराव्याला आळीतली माणसे येतील, तेव्हा पाने वाढण्यापूर्वी भार्गवीने कलम पाच मोठ्याने वाचावे. जेवणानंतर नको, जेवून माणसे निघून जातात. ज्यांना ऐकून जेवावेसे वाटणार नाही त्यांना आग्रह करू नये. मंडळाने त्या दिवशी माझ्यासाठी भजन करू नये.

कलम सात. साक्षीदार म्हणून नझीरची सही घेत आहे, म्हणजे त्याला हे आजच वाचता येईल. सायकली मी त्याच्याच नावे करणार होतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न झालेले बरे. नझीरने विचारही केला नाही. म्हणाला, “सायकली पोरीला द्या. मला सही करू द्या.”

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, वाचला आणि खाली सही केली.

सही: हरिहर भिकाजी मुळ्ये
रत्नागिरी, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार एक: ओमकार सदानंद भाटकर, खालची आळी. मुळ्येकाकांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दोन: नझीर इस्माईल होडेकर, राजिवडा. मुळ्यांनी माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले. कलम पाचमध्ये एक चूक आहे. तारांना हात लावू नका असे मी त्यांना सांगितले नव्हते. सांगायचे राहून गेले. चूक माझी आहे.

ताजा कलम, माझ्या हातचा: वरच्या शेवटच्या ओळी नझीरने मी चहा टाकायला आत गेलो तेवढ्यात लिहिल्या. त्या खोट्या आहेत. त्याने मला सांगितले होते, एकदा नव्हे, दोनदा. खोड म्हटले तर खोडत नाही, नुसता हसतो. मीही खोडलेल्या नाहीत. तेराव्याला भार्गवीने त्याही वाचाव्यात. एकोणचाळीस वर्षे हा माणूस हेच करत आला आहे, ते आळीला त्याच्याच अक्षरात कळू दे.

ह. भि. मुळ्ये