दहा बहिणींपैकी एक

पेनेदो, ९ जुलै १९४५

ती. बेलार्मिनोदादास,
झुल्मीराचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम म्हणवत नाही. ह्यांच्या, म्हणजे तुझ्या लाडक्या मेहुण्याच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय. नाताळापर्यंत उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून एकच धोशा: रिओला जायचं आणि 'अलागोआस' एकदा बघायची. आपल्या प्रांताच्या नावाची ती विनाशिका, जिच्या भट्टीत तुम्ही दोघांनी नऊ वर्षं कोळसा ओतलात. आधी बायकोला बघून घ्या म्हटलं, तर म्हणतात, तू काय, आहेसच उशाशी!

बोट अजून आहे ना रे? त्यांचा हिरमोड मला बघवणार नाही.

तुझी,
झुल्मीरा

रिओ, २८ जुलै १९४५

चि. झुल्मीरास अनेक आशीर्वाद.

कसं सांगू? अलागोआस सहा वर्षांपूर्वीच मोडीत निघाली. तुम्हाला कळवायला बसलो की हातच चालेना.

पण ग्लासगोच्या गोदीतून तसल्या दहा बोटी, सख्ख्या बहिणीच म्हण, एकाच साच्यातून निघाल्या होत्या. त्यांतली 'मातो ग्रोसो' अजून बंदरात आहे. तीच धुराडी, तीच शिडी. ऐन तारुण्यात आम्ही उसाची दारू ढोसून भलत्याच बहिणीवर जाऊन झोपायचो, तर डोळे अधू झालेल्या तुझ्या ओनोफ्रेला आता काय कळणार? पहारेकरी ओळखीचा आहे. बोटीवर रंगवलेल्या नावावर ताडपत्री टाकतो म्हणाला. तू फक्त तोंडाला कुलूप लाव, आणि येताना पेरूची वडी आण.

तुझा,
बेलार्मिनो

पेनेदो, ३ ऑक्टोबर १९४५

प्रिय बेलार्मिनोस,
स. न. वि. वि.

ओळी वाकड्या गेल्यात, पण मजकूर सरळ आहे. झुल्मीराला बोल लावू नकोस, तिने अवाक्षर काढलेलं नाही.

अलागोआस, अलागोआस म्हणत तू मला डेकभर फिरवत होतास, आणि घाम तुला फुटला होता. वाऱ्याने ताडपत्री अर्धी उडाली, तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवली. नऊ वर्षं जिच्या पोटात भाजलो, तिला मी ओळखणार नाही होय रे गाढवा? आपली मोडीत गेल्याचं मला नदीवरच्या एका खलाशाने तेव्हाच सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो.

मग आलो कशाला? अकरा वर्षं तू पुढच्या वर्षी नक्की येतो असं लिहितोयस. तुला बघायचंय असं सरळ कळवलं असतं, तर तू फोटो पाठवून मोकळा झाला असतास.

जाडा झालायस. समोरचे दोन दात गेलेत. हसताना डावा डोळा मात्र अजून मिटतोस. सगळं नीट बघून घेतलंय मी.

लोभ आहेच, तो मागायला लागू नये.

तुझा,
ओनोफ्रे