तळाचे चार स्क्रू

सूनबाई,

तू आंघोळ करून येईपर्यंत मी फिल्टरच्या दुकानाकडे निघालेलो असेन. माझी नात, ती बेडकी, आज आपल्या पोहण्याच्या तलावात पुन्हा उतरता कामा नये.

"बाबा, फिल्टरमधली वाळू रोज धुऊ नका, जराशी मळू द्या, मगच बारीक गाळ अडेल," असे तू दोनदा सांगितलेस. मळलेली वाळू पाणी अधिक स्वच्छ करते, हे मला पटेना. मी आठवडाभर तुझ्याशी हुज्जत घातली आणि तू कामावर गेलीस की वाळूचा फिल्टर मुकाट्याने धूत राहिलो. पाणी गढूळ राहिले ते माझ्या टापटिपीमुळे.

आज सकाळी बेडकीने खोल बाजूला बुडी मारली. मी काठावरच उभा होतो, तरी ती मला दिसेना. ती हसत वर आली. मी तिला लगेच पाण्याबाहेर काढले. नाश्त्याच्या वेळी तुझ्यासमोर हे बोलण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून लिहितो.

वाळूच्या फिल्टरनंतर कापडी घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर जोडू. जाड कचरा वाळूने अडवावा, उरलेली धूळ कार्ट्रिजने. क्रम उलटला तर कार्ट्रिज दोन दिवसांत तुंबेल. पंप चालू ठेव. वाळूला मी हात लावणार नाही.

तलावाच्या तळाशी असलेल्या जाळीचे चारही स्क्रू काठावरून स्पष्ट दिसले, की मगच तिला पाण्यात सोड. पाहायचे तू. मी "दिसतात की!" म्हणून वाद घातला, तरी माझे ऐकू नकोस.

बाबा