दुसऱ्या डिस्कमधला फेटा

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
भाऊबीजेनंतरचा मंगळवार

माझे थोरले मेव्हणे जळबाराव, मुक्काम हट्टा, यांना दगडोबाचा रामराम. घ्यायचा नसेल तर तुमच्या ओट्यावर ठेवून जातो, आत जाताना चुकून उचलला गेला तरी चालेल. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा थंडीत धरतो का? काळी म्हैस व्याली का? (हे सगळं सखूला विचारलं होतं, ती भाऊबीजेला तुमच्याकडे येऊन गेली तेव्हा. ती म्हणाली, माझ्या भावाची म्हैस तुमी काहून विचारता? म्हणून पत्रानं विचारतो.) इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन कापता. पाकीट मात्र फोडल्याशिवाय कापता येत नाही, आणि एकदा फोडलं की माणूस वाचतोच.

मिनाचं लग्न ठरलं हे तुम्हाला कळलंच असेल. मुलगा कनेरगाव नाक्याचा, घरची शेती आणि रस्त्याला लागून धाबा. (मला धाबा पटला नव्हता, पण तिथलं पिठलं खाल्लं आणि पटला.) देणं-घेणं नाही, माणसं सरळ, तारीख ठरली, अठ्ठावीस दिवस उरलेत. अडलंय ते तुमच्या बहिणीपाशी. पत्रिका छापायला निघालो तर ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा पाठीशी उभा राहिल्याबिगर माझं लेकरू बोहल्यावर चढायचं न्हाई. मंग दोन वर्सं थांबायचं तर थांबा." मी म्हणालो, एखादा चुलतमामा उभा करू. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बैलाला चारा टाकायला निघून गेलो. त्याला आधीच टाकलेला होता, पण पुन्हा टाकला. तेव्हापासून माझ्या चहात साखर नाही. मिना बिचारी नुसती दोघांच्या तोंडाकडे बघते, आणि तेच मला जास्त लागतं.

आता मूळ भांडण, म्हणजे कागदावर असलेलं बरं. २०११ साली आमच्या थोरल्या निताच्या लग्नात आहेराच्या वेळी मी सगळ्यांना फेटे बांधले आणि तुम्हाला, सख्ख्या मामाला, तेवढा बांधला नाही, असं तुमचं म्हणणं. मी या दोन हातांनी बांधला, असं माझं म्हणणं. तुम्ही पहिल्या पंगतीतून उठलात, मोटारसायकलला किक मारलीत आणि ती गाडी पुन्हा आमच्या दारात लागली नाही. चौदा वर्षं तुम्ही म्हणता बांधला नाही, मी म्हणतो शूटिंग बघा. (खरं सांगायचं तर मीही ते शूटिंग कधी बघितलेलं नाही. ज्याला ठाऊक आहे त्यानं कशाला बघायचं?) पण आता वेळ आली. ठरवलं की शूटिंग लावायचं, फेट्याची जागा मोबाईलवर उतरवून घ्यायची आणि तुम्हाला पाठवायची, म्हणजे तुम्ही गुमान याल, सखू हसेल आणि चहा गोड होईल.

शूटिंगवाल्यानं तेव्हा गुलाबाच्या चित्राच्या डबीत दोन डिस्क दिल्या होत्या. पहिलीत हळद, बँड आणि वरात. ती मी तीन वर्षांपूर्वी ज्वारीत पाखरं हाकलायला सुतळीनं टांगली. (पाखरं दोन दिवस भ्याली, तिसऱ्या दिवशी तिच्यात तोंड बघून मग कणसावर बसायला लागली.) दुसरीही टांगणार होतो, पण सखूनं ती लुगड्यांच्या घडीत लपवून ठेवलेली. तिच्यावर शूटिंगवाल्याच्या हातचं लिहिलंय : आहेर, फेटे, पंगत. म्हणजे पुरावा हातात होता, फक्त तो दिसत नव्हता. टीव्हीखालचा डिस्कचा प्लेअर केव्हाच मेला. बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात डिस्क दाखवली तर तिथली पोरं ती उलटसुलट करून बघायला लागली आणि त्यांनी विचारलं, काका, हे टाकतात कुठं? नव्या लॅपटॉपला म्हणे डिस्कचं तोंडच नसतं. राहिला आमचा घरचा मोठा कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर आम्ही पोराच्या, संतोषच्या, शिक्षणासाठी घेतला होता. संतोष शिकून पुण्याला गेला, कॉम्प्युटर घरीच राहिला. पण आम्ही त्याला काही कमी केलेलं नाही. अंगावर सखूचं मऊ पातळ, पावसाळ्यात खाली पोतं, आणि दसऱ्याला विळे, खुरपी, हळद शिजवायचा कुकर यांच्या रांगेत त्याचीही पूजा. एवढं करून ऐन वेळी त्यानं दगा दिला. बटन दाबलं तर ट्रे अर्धा बाहेर आला आणि थांबला. बोटानं ओढून डिस्क ठेवली, ढकलून आत घातली. आत करकर करकर झालं, बैलगाडीच्या चाकात खडा जावा तसं, आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मिनानं वाचून सांगितलं की ते म्हणतंय, डिस्क टाका. मी म्हणालो टाकली आहे. त्यानं पुन्हा तेच विचारलं. तीन वेळा मी टाकली म्हणालो, तीन वेळा त्यानं टाकली नाही म्हटलं. हे यंत्र तुमच्या घराण्यातलं असावं असं मनात आलं, पण सखू शेजारी होती म्हणून बोललो नाही.

पुण्याला संतोषला फोन लावला. त्यानं सांगितलं, बंद करून चालू करा. केलं. मग म्हणाला, डिस्क काढा, मऊ फडक्यानं मधून बाहेर पुसा, गोल फिरवू नका. काढायला गेलो तर ट्रे बाहेरच येईना. मग त्यानं सांगितलं की ट्रेच्या खाली एक बारीक छिद्र असतं, त्यात कागदाची पिन सरळ करून घालायची म्हणजे ट्रे सुटतो. आता आपल्या शेतकऱ्याच्या घरात कागद असतात कुठे आणि त्यांना पिना असतात कुठे? हळदीची पोती शिवायचं दाभण होतं, ते घेतलं. दाभण जाईना म्हणून जरासा जोर लावला. (छिद्र आता दाभणाच्या मापाचं आहे.) ट्रे एक बोटभर सुटला, डिस्कची कड दिसायला लागली. मी ती पकडून ओढणार, तेवढ्यात सखू मागून ओरडली, "वढू नका! माझा भाऊ हाय त्याच्यात!" मी हात मागे घेतला. जळबाराव, पस्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी ओरडलेली मला आठवत नाही.

शेवटी दुसऱ्या दिवशी मॉनिटर घरी ठेवून खालचा डबा सतरंजीत गुंडाळला आणि एसटीनं वसमतला निघालो. डबा मांडीवर घेतलेला बघून शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकराला ताप हाय का?" नाही म्हणून सांगायला गेलो आणि सगळंच सांगावं लागलं : डिस्क, फेटा, तुम्ही, सखू, बिनसाखरेचा चहा. वसमत येईपर्यंत गाडीत दोन तट पडले होते. बायका सगळ्या तुमच्या बाजूनं. पुरुषांतले पाच माझ्याकडे, पण त्यातले दोन झोपलेले होते. कंडक्टरला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो मागून येऊन म्हणाला, "फेटा बांधला असता, तर माणूस चौदा वर्सं काहून रुसून राहिला असता?" मी उतरताना त्याच्याशी बोललो नाही.

स्टँडजवळ प्रियदर्शनीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तांड्यावरच्या रामसिंग मास्तरांची ती मुलगी, हाताला यश असलेली. तिनं आधी चार स्क्रू काढून डिस्क सुखरूप बाहेर घेतली आणि नव्या कव्हरात घालून माझ्या हातात दिली. (ती मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, घरी जाईपर्यंत वाकलो नाही.) तिच्या दुकानातल्या मशिनींनाही डिस्कचं तोंड नाही, त्यामुळे दुरुस्त करायचा तो आमचाच ड्राइव्ह. तिनं मागची वायर बदलली, दुसऱ्या खाचेत लावून बघितली, काही नाही. मग ड्राइव्हच्या फटीत बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, याच्यात काही सांडलं होतं का?" मी ठणकावून नाही म्हणालो. चहा? नाही. पाणी? नाही. काही भुकटी? मी म्हणालो, पोरी, आमचं घर आरशासारखं आहे. असलाच तर उंदरांचा उद्योग असेल, नाहीतर व्होल्टेजचा. किंवा संतोष बारावीला असताना कीबोर्डवर चिवडा खायचा, त्याचा. ती म्हणाली, पूर्ण खोलून बघते, गुरुवारी या.

तर असं आहे. गुरुवारी निकाल लागेल आणि चौदा वर्षांचं तुमचं म्हणणं एका मिनिटात खोटं पडेल. फेटा दिसला की रुसवा सोडून चार दिवस आधी यायचं, मुलीच्या पाठीशी उभं राहायचं. मी मागचं काही उकरून काढणार नाही. (एकदाच काढीन, जेवताना.) वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, म्हशीची काळजी घ्यावी.

तुमचा, शब्दाचा पक्का,
दगडोबा

ता. क. : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज गुरुवार. ड्राइव्ह सुरू झाला. प्रियदर्शनीनं आतलं सगळं एका कागदावर काढून ठेवलं होतं : सुपारीची चार खांडं, मूठभर नसल्या तरी चिमूटभर अक्षता, आणि हळद. डिस्क वाचायची जी बारीक काच असते ती हळदीनं पिवळीजर्द झालेली. म्हणाली, "काका, पूजा कोणी केली याच्यात?" मी म्हणालो, आमच्या घरात ते सगळं बायको बघते.

ता. क. दुसरा : वरचं सखूनं वाचलं. त्यामुळे खरं लिहितो. पूजा मी करतो. दसऱ्याला बटन दाबलं की तो ट्रे बाहेर यायचा, हात पुढे केल्यासारखा. मला वाटायचं, पूजा घ्यायची त्याची जागा तीच. तिथं हळदकुंकू, अक्षता, सुपारीचं खांड ठेवायचो आणि बटन दाबायचो. ते आत जायचं, पुन्हा दिसायचं नाही. आपण ठेवलेलं पोचलं म्हणून चार वर्षं मी मनातून फार खूश होतो. संतोषला फोन करून चिवड्याबद्दल माफी मागितली. त्याला काहीच कळलं नाही, तो म्हणाला, बाबा, तब्येत बरी आहे ना?

ता. क. तिसरा : आज शुक्रवार. काल संध्याकाळी घरी डिस्क लावली. मी, सखू आणि मिना, तिघं बाजेवर बसून बघितली. जळबाराव, हे लिहायला मला दोन कप चहा लागले, दोन्ही बिनसाखरेचे.

मी फेटा बांधला, ते खरं आहे. केशरी फेटा, माझेच हात. तुमच्या समोर मी आलो. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोकं खाली वाकवलं. तेवढ्यात मागून व्याह्यांनी मला हाक मारली. मी त्यांच्याकडे तोंड करून बोलत राहिलो आणि बोलता बोलता हातातला फेटा शेजारच्या डोक्याला बांधला. शेजारी जनरेटरवाला वायर धरून उभा होता. (त्यानं एक अक्षर काढलं नाही, उलट नारळही घेतला.) मी पुढच्या माणसाकडे निघून गेलो. तुम्ही वाकलेलेच. कॅमेरा तुमच्यावरच राहिला होता. खाली वेळेचे आकडे पळतात, ते मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितले : एकेचाळीस सेकंद. मग तुम्ही हळूच वर बघितलं, आजूबाजूला कुणाचं लक्ष आहे का ते बघितलं, टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

सखूनं उठून पदरानं तो पडदा पुसला, तुम्ही दिसत होता तेवढाच. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. चौदा वर्षं मी शूटिंग बघा, शूटिंग बघा म्हणत राहिलो, आणि तुम्ही ते एकेचाळीस सेकंद एकट्यानं घेऊन बसलात. मोठ्या भावासारखे तुम्ही, आणि माझ्या दारात तुमचं डोकं मी वाकलेलं ठेवलं. चूक माझी आहे, पूर्ण माझी. सखूलाही तसं सांगितलं. आज सकाळी चहात अर्धा चमचा साखर होती.

ता. क. चौथा आणि शेवटचा, पाकिटात जागा नाही : डिस्क सोबत घातली आहे. हा पुरावा तुमचा आहे, तुमच्याजवळच राहू द्या. पण माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः लावून बघा. मी चौकशी केली, हट्ट्यात ती चालेल असं यंत्र कुणाकडे नाही, वसमतलाही नाही. चालू ड्राइव्ह तेवढा आमच्याच घरी आहे. तेव्हा डिस्क घेऊन या. केशरी फेटा आणून ठेवलाय, या वेळी मधे कुणी हाक मारली तरी मी मान वळवणार नाही. येताना टोपी घालून या. जाताना ती खिशात घालावी लागेल.