रिकिबीत अडकलेला पाय

तीर्थस्वरूप नाना,

जावयाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबरेला पट्टा बांधून जेवढं वाकता येतं तेवढंच. परवा एक दोन दारांचा फ्रिज जिन्यावरून उतरवताना कंबर धरली. फ्रिज सुखरूप आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? सासूबाईंचा खोकला गेला का, की अजून त्या घरात आहेत हे शेजाऱ्यांना खोकल्यावरूनच कळतं? तुमचा चष्म्याचा डबा आमच्याकडे राहिलाय, तो मी जपून ठेवलाय. बाकी आम्ही सगळे मजेत. तुमची कन्याही मजेत आहे, म्हणजे वेळेवर कामावर जाते, ऑफिसात नकाशे काढते, घरी येऊन दोन घास खाते, आणि फोन वाजला की हातातलं टाकून धावते, नंबर बघते आणि 'बँकवाले आहेत' म्हणत परत येऊन बसते. बँकवाल्यांचा आमच्यावर एवढा जीव आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, जावईबापू, मग फोन करायचा की! केला असता. पण फोनवर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता आणि खरंच ठेवता. पत्राचं बरं असतं, रागानं ठेवलं तरी पुन्हा उचलता येतं. शिवाय मला मुद्द्यावर यायला जरा वेळ लागतो, हे तुम्ही लग्नाच्या बोलणीपासून बघताच आहात. मुद्दा त्या रविवारचाच आहे. थांबा, घडी घालू नका.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांचा अजून समज आहे की आम्ही पडदे ओढून प्लँचेट करतो. तसं काही नाही, सासूबाई. हा गोष्टीचा खेळ आहे. एकानं गोष्ट चालवायची (ती आपली लेक), बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की नाही ते वीस तोंडांचा एक फासा सांगतो. आमची गोष्ट जुन्या रोमच्या काळातली आहे. उत्तरेच्या सरहद्दीवर एक लाकडी किल्ला, चहूकडे जंगल, आत मूठभर थकलेले सैनिक, आणि जंगलात जुन्या लढाईत मेलेली माणसं, जी मेल्यावरही कवायत सोडायला तयार नाहीत. किल्ल्याचा नकाशा तुमच्या मुलीनं स्वतः काढलाय, इतका सुबक की त्यावर कप ठेवला तर ती आधी कपाकडे बघते आणि मग ठेवणाऱ्याकडे.

मंडळी तुम्हाला माहीतच आहेत. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या दिवसभर लोकांना 'घाबरू नका' सांगतात आणि खेळात पान हललं तरी किंचाळतात. त्या आमच्या सेनेतल्या सर्वांत शूर तलवारबाज. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट, तो निशाणधारी. समोर भूत आलं की हा आधी त्याचं वय विचारतो. मी आचारी. (सैन्यात फ्रिज-मेकॅनिकला जागा नव्हती.) आणि तुम्ही, नाना, म्हातारे पहारेप्रमुख. खरं सांगतो, तुम्ही आलात आणि खेळात जान आली. रोमन लोक पहाऱ्याचा परवलीचा शब्द लाकडाच्या पाटीवर लिहून हातोहात फिरवत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा एजंट आ वासून ऐकत होता. आ एवढा मोठा की डॉक्टरीणबाई आत डोकावून 'उद्या या' म्हणाल्या.

आता तो रविवार. दुपारचं ऊन भगभगीत, अशा उजेडात मेलेला सैनिक तरी कसा यावा? म्हणून आम्ही खिडक्यांना रजया लावल्या. त्यात माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुकानात एक जुना कंप्रेसर पडला होता. बिचारा थंड काही करत नाही, पण चालू केला की असा कण्हतो, असा कण्हतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याचं शेवटचं काही सांगायचं राहिलंय. तो मी फ्रिज न्यायच्या दुचाकी हातगाडीवर पट्ट्यांनी बांधून घरी आणला आणि कुणाला न सांगता टेबलाखाली ठेवला. बटण माझ्या पायाशी. डॉक्टरीणबाईंनी आपल्या पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे आणले होते, ते मेलेले सैनिक म्हणून नकाशावर मांडले. (दुसऱ्या रांगेतलं भूत म्हणजे आपलाच जबडा आहे, हे एजंटानं ओळखलं आणि तो उगीचच हळवा झाला.)

पुढचं तुम्हाला आठवत असेल, पण माझ्या बाजूनं ऐका. मुंडकं नसलेला सेनापती फाटकाबाहेर येऊन उभा राहिलेला. आत यायचं तर परवलीचा शब्द हवा, आणि ती पाटी तुमच्या ताब्यात. तुम्ही लेकीच्या कानात शब्द सांगितलात. ती हसली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, म्हातारा पहारेप्रमुख घोड्यापाशी येतो, रिकिबीत पाय ठेवतो... आणि तुम्ही ताडकन उठलात. 'रोमनांच्या घोड्यांना रिकिबी नव्हत्या!' नाना, तुमचा आवाज म्हणजे पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज. मी दचकलो, पाय बटणावर पडला, कंप्रेसर कण्हला, टेबल थरथरलं, मेलेल्या सैन्याचे जबडे एकमेकांवर आपटत जमिनीवर गेले, आणि एजंट चहाच्या ट्रेसकट खुर्चीवर चढला. त्यातला एक कप तुमच्या बाहीवर आला. मग आम्ही हसलो. मुरकुंडी वळली आमची. पण देवाशपथ, तुम्हाला नाही हसलो! एजंटाला हसलो. तो खुर्चीवर उभा राहून 'पॉलिसी माझ्या बायकोच्या नावावर आहे' असं भुताला सांगत होता हो.

तुम्हाला ते कसं कळावं? तुम्ही म्हणालात, 'हेच शिकवलं का मी तुला? चार पुस्तकं वाचली असतीस तर ही वेळ आली नसती.' आणि छत्री घेऊन निघून गेलात. (ती छत्री डॉक्टरीणबाईंची आहे. तुमची आमच्याकडे आहे. बाई काही बोलत नाहीत, पण आभाळ आलं की माझ्याकडे बघतात.) त्यानंतर ना तुमचा फोन, ना तिचा. दोघंही एकाच मातीचे. मी मधल्यामधे कात्रीत.

खेळ आम्ही थांबवला नाही. पण त्याची पार रया गेली. पूर्वी तुमची कन्या इतिहासाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नसे. एजंटाच्या निशाणधाऱ्यानं एकदा खिशातून घड्याळ काढलं तर तिनं त्याला एक फेरीभर खेळातून बाहेर बसवलं होतं. आता काहीही चालतं. मी आख्खा एक रविवार सैन्यासाठी बटाटे सोलत होतो, फासाही छान पडत होता. पुढच्या रविवारी भुतं तटावर चढली तेव्हा मी किल्ल्याच्या स्वयंपाकघरातून मिरचीपूड आणून त्यांच्या डोळ्यांत फेकली. भुतांना डोळे आहेत का, एवढंसुद्धा तिनं विचारलं नाही. नुसतं 'बरं, शिंकतात' म्हणाली आणि तुमच्या खुर्चीकडे बघत राहिली. तुमची उशी अजून त्या खुर्चीवरच आहे. तिथं कुणी बसलं की ती काही बोलत नाही, फक्त बसणारा आपोआप उठतो.

आणि अडलंय ते तिथंच. फाटक उघडायला परवलीचा शब्द हवा. तो फक्त तुम्हाला आणि तिला माहीत. ती सांगत नाही. तुमचा पहारेप्रमुख अजून तबेल्यात एक पाय त्या नसलेल्या रिकिबीत ठेवून उभा आहे. ना चढत, ना उतरत. परवा एजंट कंटाळला आणि म्हणाला, वहिनी, आजोबांना मेलेले दाखवा की, पाटी मी घेतो, पुढचं सगळं रीतसर करून देतो. बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, धंद्याची सवय. पण तुमची मुलगी उठली आणि आत गेली. मला आधी वाटलं, चहा टाकायला गेली. चहाला इतका वेळ लागत नाही.

मी मागोमाग गेलो. ती फ्रिजचं दार उघडून त्यासमोर नुसती उभी होती. (एरवी मी ओरडलो असतो. दार असं उघडं ठेवलं की त्याची रबरी पट्टी, गॅसकेट, जाते.) मला म्हणाली, मिरची अमेरिकेतून आली, रोम बुडाल्यावर कितीतरी शतकांनी, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? मी म्हटलं, मग चालू का दिलीस? तेव्हा तिनं मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही विसरलात असं तिला वाटतंय आणि तुम्ही विसरला नसणार अशी माझी पैज आहे.

ती लहान असताना तुम्ही रोज संध्याकाळी तिला रोमची गोष्ट सांगत होतात. आणि रोज त्यात एक चूक मुद्दाम पेरत होतात. कुठं सैनिकाच्या खिशात आगपेटी, कुठं राणीच्या हातात चहा. तिनं ती पकडायची आणि ओरडायचं, 'नाना, थाप!' पकडली की तुम्ही तिला खांद्यावर घेऊन, जिंकून आलेल्या रोमन सेनापतीची काढतात तशी विजययात्रा काढायचात, बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत, आणि सासूबाई पोळपाट वाजवायच्या. नाना, ती रिकीब म्हणजे थाप होती. तिनं तुमच्यासाठी पेरली होती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिची पाळी होती गोष्ट सांगायची, आणि तुमची पकडायची. तुम्ही पकडलीतही, क्षणात. नुसतं 'थाप' म्हणायचं राहिलं.

मी फ्रिजचं दार लावलं आणि तिला जवळ घेतलं. बाहेर एजंट डॉक्टरीणबाईंना विचारत होता, मी काय चुकीचं बोललो? आणि बाई त्याला 'घाबरू नका' सांगत होत्या.

तर असं आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ करा, मोठ्यांना शहाणपण शिकवायचा माझा हेतू नाही, अर्धवट बंद पडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात एवढंच. सासूबाईंना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
जावई (आचारी, उत्तर सरहद्द)

ता. क. रविवारी जेवण आटोपून या. कंप्रेसर मी दुकानात परत नेलाय. खुर्चीपासून एजंटालाही लांब बसवतो.

ता. क. दुसरा. मी हे पत्र लिहिलंय हे तिला अजिबात कळता कामा नये. तुम्ही सहज, छत्री बदलायला आलात असं दाखवा.

ता. क. तिसरा. नाना, मी. ह्यांनी पाकिटावर पत्ता लिहायला पत्र माझ्याच हातात दिलं, कारण ह्यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही. आत काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, गॅसकेटची चौकशी. तेव्हा मी सगळं वाचलंय. दोनदा वाचलं.

त्या दिवशी तुम्ही माझ्या कानात परवलीचा शब्द सांगितलात, 'पोळपाट'. म्हणून मी हसले. म्हणूनच लगेच रिकीब आणली. मला वाटलं, तुम्हाला सगळं आठवतंय आणि आता तुम्ही ओरडणार. तुम्ही ओरडलात, पण भलतंच. फार लागलं मला, नाना. फोन मीही करायला हवा होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आज तुम्ही कराल.

ह्या पत्रात मिरचीशिवाय आणखी एक थाप आहे, मिरचीच्याच जहाजातून आलेली. ती थाप आहे हे ह्यांना अजून माहीत नाही, इतक्या प्रेमानं लिहिलंय की मला सांगवेना. रविवारी या आणि पकडा. आईला आणा आणि तिला पोळपाट आणायला सांगा. विजययात्रा बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत निघेल. आता तुम्ही माझ्या खांद्याला झेपणार नाही, पण फ्रिज न्यायची हातगाडी दारातच उभी आहे, आणि तिचे पट्टे फार मजबूत आहेत.