माझ्या बाजूचा ब्रेक

२ जुलै, रविवार

बायकोची उद्यापासून सकाळची ड्यूटी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहाला हजर व्हायचं, म्हणजे ही घरातून अंधारातच निघणार. मुलांना उठवून, तयार करून आठच्या आत शाळेच्या फाटकातून आत ढकलायचं काम माझ्याकडे. ती म्हणाली की जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी आईला बोलावून घेते. मी नुसता हसलो.

सासूबाई आल्या म्हणजे मागची खोली गेली. मागच्या खोलीत माझी आरामखुर्ची आहे. या घरात माझं म्हणून तेवढंच उरलंय. बाकी प्रत्येक वस्तूवर कुणी ना कुणी काहीतरी सांडून ठेवलेलं आहे. खुर्ची देणार नाही.

इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. आरशात स्वतःचं तोंड सोडून दुसरं काही न दिसणाऱ्यांना भर चौकातून सुखरूप बाहेर काढलंय. मग दोन पोरांचं काय घेऊन बसलात. मोठी सात वर्षांची, धाकटा चार. तत्त्व एकच. स्टिअरिंग त्यांच्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली. शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो आणि त्यामुळेच मी आज ही डायरी लिहायला शिल्लक आहे. घरातही तेच. चुकलं रे चुकलं की थांबवायचं.

३ जुलै, सोमवार

उशीर झाला. दोष माझा नाही.

सगळं वेळेवर चाललं होतं. धाकटा स्वतःहून बूट घालत होता, पण डाव्याचा उजव्यात. मी थांब म्हणालो. काढायला लावले. तर म्हणाला की मग मोजेपण काढायचे. मोजे काढल्यावर स्वतःच्या पायांकडे असा बघत बसला की जशी काही पहिलीच भेट. तिकडे मोठी दात घासत होती, तेही आडवे. आडवे घासले की हिरड्यांची वाट लागते. तिला थांबवलं आणि पहिल्यापासून घासायला लावलं. तोंडात फेस ठेवूनच तिने मला काहीतरी सुनावलं. शब्द कळले नाहीत, सूर कळला. आईचा आहे.

फाटकावरच्या रखवालदाराने उशिराची चिठ्ठी हातात ठेवली. अशा तीन झाल्या की हेडबाई आईवडिलांना बोलावतात, हे त्याने मुलांसमोर सांगितलं. हातात फाटक आलं की माणूस बदलतो.

४ जुलै

वेळेत पोचलो. फाटक बंद होता होता धाकट्याला आत सरकवला. पद्धत बरोबर आहे हे सिद्ध झालं.

डबे ओट्यावरच राहिले. मोठीचा भांग वाकडा पडला होता, तो सरळ करण्यात वेळ गेला. मी पाडला तेव्हा आणखी वाकडा पडला. पुन्हा पाडला. शेवटी जो पडला त्याला भांग म्हणता येणार नाही. दुपारी तिने मैत्रिणीचा डबा खाल्ला आणि संध्याकाळी आईपुढे माझ्या अपराधांचा पाढा वाचला. भांग डब्यांच्या आधी सांगितला.

६ जुलै

दुसरी चिठ्ठी.

या दोघांचं संगनमत आहे. रात्री कुजबुजतात, मी गेलो की झोपेचं सोंग. सकाळी एकाने नाक वाहतंय म्हणायचं, मी तिकडे वळलो की दुसरीने गायब व्हायचं. आज धाकटा दूध पीत होता. कप एका हाताने धरला होता. मी सांगितलं की थांब, दोन्ही हातांनी धर. तो दचकला. दूध त्याच्या शर्टावर, शर्टावरून मोठीच्या दप्तरात. तिने माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं की पीत होता ना तो? सात वर्षांच्या मुलीने बापाची उलटतपासणी घ्यावी, हे कुठल्या घरात चालतं?

खालच्या मजल्यावरचे पेन्शनर जिन्याशी उभे होते. म्हणाले, आज पण पळापळ? या माणसाला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण आमच्या उशिराला कधी उशीर करत नाही. आता उद्यापासून त्यांच्याकडे बघणार नाही.

७ जुलै

बघितलं. ते हसले.

८ जुलै, शनिवार

शाळेला सुट्टी, बायकोला नाही. मुलांना क्लासच्या गाडीत मागे बसवून कामाला निघालो. दुसरा इलाज नव्हता.

आज दातांच्या डॉक्टरीणबाईंचा धडा. या बाई दुसऱ्यांच्या जबड्यात न डगमगता ड्रिल घालतात, पण क्लचवर पाय ठेवला की थरथरतात. टेस्टला तीनदा नापास झाल्यात. तीन महिने मी त्यांच्यावर जीव तोडून ओरडतोय, काडीचा फरक नाही.

गाडी सुरू झाली आणि मागे खिडकीवरून जुंपली. खिडकी कुणाची, हा प्रश्न या दोघांच्यात जन्मापासून भिजत पडलाय. मी मागे वळून बसलो, एकाला दामटवलं, दुसरीला दटावलं. पुन्हा पुढे बघितलं तर चौक मागे पडलेला. चढही संपलेला. मोठी मागून अगदी गोड आवाजात सांगत होती की काकू, आता इंडिकेटर, आता क्लच हळूच सोडा. बाईंनी हळूच सोडला. गाडी रिव्हर्समध्ये एका झटक्यात लावली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

उतरताना म्हणाल्या की आज पहिल्यांदाच माझ्या पायाशी कुणी भांडत नव्हतं, छोट्या मॅडमना पुढच्या वेळीही आणा.

माझ्या शिकवण्याला अखेर फळ आलं. उशिरा आलं, पण आलं. मोठीला बक्षीस म्हणून खिडकी दिली. धाकट्याने घरी येईपर्यंत भोंगा लावला.

१० जुलै, सोमवार

द्यायला पाहिजे त्यापेक्षा जास्त सूट देत होतो. आजपासून प्रत्येक पायरीवर तपासणी. ब्रश, तपासणी. आंघोळ, तपासणी. बटणं, तपासणी. धाकट्याने शेवटचं बटण लावलं तेव्हा वरचं एक सुटं राहिलंय हे मी वेळीच हेरलं. सगळी काढून पुन्हा लावायला सांगितली. त्याने शर्टच काढला. मग पँटही काढली. तसाच जाऊन पलंगाखाली शिरला.

घसा फुटेस्तोवर ओरडलो. रखवालदाराला काय वाटलं कोण जाणे, एक मिनिट वर झालं होतं तरी आत सोडलं. दया नको होती मला, पण घेतली.

११ जुलै

आवाज गेला. तोंड उघडतो तर आतून नुसती हवा.

डॉक्टर म्हणाला की शनिवारपर्यंत एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. मी खुणेने विचारलं की घरी दोन लहान मुलं आहेत, कसं जमायचं? तो म्हणाला की छान, त्यांनाही आराम मिळेल. हल्लीचे डॉक्टर काय वाटेल ते बोलतात.

१२ जुलै

वेळेत. फाटक उघडायच्या आधी.

धाकट्याने बूट उलटे घातले. मी हात वर केला, टाळी वाजवली, पाय आपटला. कुणी बघितलंच नाही. तो तसाच जिना उतरला. दिवसभर उलटे बूट घालून हिंडला आणि पडला नाही, हे त्याचं नशीब.

१३ जुलै

पुन्हा वेळेत. मोठीने डबे भरले, धाकट्याचे हात पुसले, माझ्या हातात गाडीची किल्ली दिली. पेन्शनरांचं दार अजून बंद होतं. झोपले असतील. मी मुद्दाम जोरात पावलं वाजवत उतरलो.

१४ जुलै

तिसऱ्या दिवशीही वेळेत. कारण उघड आहे. नजरेचा धाक. ओरडणाऱ्या बापाची मुलांना सवय होते, गप्प बापाची भीती वाटते. हे तंत्र माझं मीच शोधलं. पालकांसाठी शनिवारचा एक वर्ग काढायचा विचार आहे.

शाळेआधी दहा मिनिटं शिल्लक होती. धाकटा आपणहून मांडीवर येऊन बसला. उलट्या बुटांसकट. त्याने माझ्या कानाची पाळी धरून ठेवली. मी काही बोललो असतो, पण डॉक्टर. फार बरं वाटलं. हे बायकोला सांगायचं नाही.

१७ जुलै, सोमवार

आवाज परत आला. इतक्या दिवसांचं तुंबलेलं शिकवणं आज एकदम काढलं. घड्याळाच्या काट्यावर पोचलो. धाकटा गाडीत रडत होता, मोठी बाहेर बघत होती. शिस्त रुजायला वेळ लागतो.

१८ जुलै

तिसरी चिठ्ठी.

वास्तविक आम्ही जिना उतरत होतो. वेळ होता. पण उतरायची काही रीत? हा एका पायावर उड्या मारत, ती कठड्याला लोंबकळत. मी थांबवलं. वर परत जाऊन नीट उतरून दाखवा म्हणालो. उतरले. पुन्हा तेच. पुन्हा वर पाठवलं. मग मोठी मधल्या पायरीवर बसली आणि म्हणाली की तुम्हाला शाळेत जायचंच नसेल तर तुम्ही जाऊ नका, आम्हाला जाऊ द्या. धाकट्याने गळा काढला. मी त्याच्यावर, म्हणजे त्याच्या गळ्यावर, आवाज चढवला. पेन्शनरांचं दार उघडलं. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी धाकट्याचा हात धरला आणि त्याला खालपर्यंत नेऊन सोडलं.

हसले असते तर परवडलं असतं.

२० जुलै, गुरुवार

हेडबाईंकडे हजेरी. बायको तासभर सुट्टी घेऊन आली होती. मी शिस्तीवर पाच मिनिटांचं बोलणं तयार करून ठेवलं होतं, उदाहरणं रस्त्यावरची.

बाईंनी मला विचारलंच नाही. मोठीला जवळ घेऊन विचारलं की सकाळी घरी काय होतं? मोठी म्हणाली की आम्ही निघालेलोच असतो, बाबा ब्रेक मारतात.

बाईंना कळलं नाही. त्यांनी धाकट्याकडे बघितलं. त्याने उजवा पाय पुढे काढला, फरशीवर धाडकन आपटला आणि म्हणाला, थांब. माझ्याच आवाजात. भुवईसुद्धा माझ्यासारखी. बाईंनी तोंडाला रुमाल लावला आणि बराच वेळ खोकल्या. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो की बघ, शाळेत हेच शिकवतात, मोठ्यांची नक्कल. ती हॉस्पिटलला परत निघाली.

२१ जुलै, शुक्रवार

मन मोठं केलं. माणसाने वेळ पडली तर माघार घ्यावी. जेवण झाल्यावर बायकोला सांगितलं की ठीक आहे, बोलाव आईंना. मागची खोली देतो. खुर्चीही देतो. बोलताना गळा थोडा दाटला. तिला दिसावा म्हणून थोडा जास्त दाटू दिला.

ती म्हणाली की आईला मी ड्यूटी लागली त्याच दिवशी विचारलं होतं. तुला सांगायच्या आधी. ती नाही म्हणाली. बोलावते म्हणाले ते नुसतं तू कामाला लागावास म्हणून.

मी विचारलं, का? तर सासूबाई म्हणाल्या होत्या की पोरांचं मी डोळे झाकून करीन, पण जावईबापू घरात असतील तर माझ्याच्याने होणार नाही. मी म्हणालो, आणि खुर्ची? बायको म्हणाली, कसली खुर्ची? तिला स्वतःचं घर सोडून इथे राहायचंच नाही.

म्हणजे तीन आठवडे मी जिची राखण करत बसलो होतो, ती कुणाला नकोच होती. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अपमान झाला.

मग हिने आईला पुन्हा फोन केला. तडजोड निघाली. सासूबाई सकाळी सातला येणार, मुलं शाळेत सोडून आपल्या घरी जाणार. अट एकच. त्या वेळेत मी घरात नसायचं. बायको म्हणाली की तू सकाळची बॅच काढ ना, तुझी गरज रस्त्यावर जास्त आहे. मला यात कौतुक दिसलं. दोनदा विचार केल्यावर दिसेनासं झालं.

२२ जुलै

दातांच्या डॉक्टरीणबाई टेस्ट पास झाल्या. क्लिनिकमधून मोठीसाठी एक नवा ब्रश पाठवला आणि चिठ्ठी, की कसाही घास, रोज घास. माझ्यासाठी काही नाही. क्लासला येणं आजपासून बंद.

२४ जुलै, सोमवार. सकाळी, गाडीत

सकाळच्या बॅचला एकही माणूस नाही. पण घरात थांबायचं नाही, म्हणून इमारतीखालीच गाडी लावून आत बसलोय. सवयीने ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर. कुणी बघितलं तर शिकाऊची वाट बघतोय म्हणायचं. पेन्शनरांनी बघितलं.

वरून एकही आरडाओरडा नाही. काहीतरी बिघडलं असेल असं वाटलं. वर जाऊन बघावं का, असा विचार दोनदा आला.

मग जिन्यातून हसण्याचा आवाज आला. पुढे सासूबाई, पिशवी खांद्याला, मागे ही दोघं. मोठीचा भांग वाकडा. धाकट्याचे बूट उलटे. सासूबाईंना दिसत होतं, त्यांनी काहीच केलं नाही. धाकटा शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उडी मारून उतरणार होता. दोन्ही हात पसरले, गुडघे वाकवले.

माझा पाय खाडकन ब्रेकवर गेला. पार तळापर्यंत दाबला.

त्याने उडी मारली. नीट उभा राहिला. गाडीकडे बघून हात हलवला. मीही हलवला, पण पाय काढायचं लक्षात येईपर्यंत ती तिघं कोपऱ्यावरून वळली होती. फाटक उघडायला अजून बराच वेळ होता.