चित्रावरचा अंगठा

ता. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, खोली मिळाली, गादीत ढेकूण नाहीत. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

कलाशाळा पाहून मला पहिल्याच दिवशी ओकारी आली. इथे सगळे पदवी घेऊन आलेले, दोन वर्षांनी मोठे कलावंत म्हणून बाहेर पडणार, पण ब्रश धुवायचं बेसिन पाहशील तर तुला आपल्या मोरीतली मेलेली पाल बरी वाटेल. त्यात राखाडी साय धरलेली असते, सायीवर केस, सिगारेटची थोटकं आणि कुणाचा तरी अर्धा पाव. माझ्या शेजारचा दाढीवाला कापलेली नखं डिंकाने चिकटवून चित्रं करतो. स्वतःची असती तर एक वेळ चाललं असतं, पण तो वर्गात वाटी फिरवतो. मी दिली नाहीत.

आमचे मोठे सर नावाजलेले आहेत. कुणाच्या चित्रात काही खटकलं की अंगठा जिभेवर ओला करायचा आणि ओल्या रंगावरून फिरवायचा, ही त्यांची रीत. मुलं मागे त्यांना अंगठेबहाद्दर म्हणतात आणि समोर थुंकी झेलतात, इथे तर खरोखरीच. शुक्रवारी चित्र भिंतीला लावायचं, आपण त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं आणि बाकीचे बोलतील ते ऐकायचं. सगळ्यांचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तू असतीस तर स्टूल कधीच खिडकीबाहेर गेलं असतं.

मी तुझं चित्र करतेय. मशीनपाशी बसलेली, ओठांत टाचण्या धरून हसणारी. जबड्यावरचा डाग आहे तसा घेतलाय. हिवाळी प्रदर्शनात ज्याचं चित्र पहिलं येतं त्याला वरच्या मजल्यावरची खोली मिळते. उत्तरेची खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड, आणि दाराला आतून कडी. बेसिनचा वास तिथवर पोचत नाही. त्या खोलीसाठी मी काय वाटेल ते करीन, आत्या.

ताईला सांग, तिला वेगळं लिहिते. गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारूताई


ता. २० ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र जेवताना वाचायला घेतलं ही माझीच चूक. तुझी ताई अर्ध्या ताटावरून उठली. लहानपणी पेन्सिली कुरतडायचीस तेव्हा वाटायचं, ही पुढे सुतारकाम करील. तुला नखांच्या शाळेत घातलं जाईल असं कुणाला वाटलं होतं.

इकडे शाळांच्या गणवेशांची घाई आहे. एका मुख्याध्यापिकेने सगळ्या मुलींचे फ्रॉक एका मापाचे शिवायला सांगितले. मी म्हटलं, बाई, आधी मुली एका मापाच्या करून आणा. रागावून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मापं घेऊन आल्या.

डाग घेतलास ते बरं केलंस. मागे एका फोटोवाल्याने न विचारता तो खोडून मला गुळगुळीत करून टाकलं होतं. मी सगळे फोटो त्याच्या टेबलावर उलटे ठेवून आले. गाल माझा, आधण माझ्या हाताने सांडलं, सहा वर्षांची होते, भातुकली खरी करायला निघाले होते. त्यात दुसऱ्याने हात घालायचं कारण काय? तुझी आई गेल्यावर तुम्ही दोघी माझ्याकडे आलात, तेव्हा तू पहिल्याच दिवशी त्या डागावर बोट ठेवून विचारलंस की इथे शिवण घातली आहे का. तेव्हाच म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार.

पुढचा एक दात मात्र जरा आत घे. एवढी लबाडी चालते. चित्र लागलं की मी बघायला येणार, तेव्हा बोलाव.

आशीर्वाद आहेत, पुरवून वापर.

तुझी,
आत्या


ता. १७ ऑक्टोबर

प्रिय ताई,
स. न.

हे पत्र आत्याला दाखवू नकोस. तिच्या कानावरही घालू नकोस.

काल माझा शुक्रवार होता. मी पाठ करून स्टुलावर बसले. सर चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले की हे फार सुखी चित्र आहे आणि सुखी चित्रासमोर कुणी थांबत नाही. भाजलेली बाई हसते कशाला, असं त्यांनी वर्गाला विचारलं. ताई, मुलं विचारात पडली. एक जण म्हणाली की हे हसू वेदनेला न्याय देत नाही. तिला वेदना ठाऊक असेल तर दाढेची.

मग मला रंगाच्या नळीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग सरांच्या जिभेचा आवाज, चप्प, चप्प. माझा रंग कधीचा वाळला होता, म्हणून ते वरून नवा थापत होते आणि थुंकीच्या अंगठ्याने पसरवत होते. मला वळायची परवानगी नव्हती. होती नव्हती काय, मी वळले नाही. शेवटी टाळ्या झाल्या, तेव्हा पाहिलं. टाचण्या गेल्या, दात गेले, ओठ मिटले. डागावर लाल आणि जांभळा असा काही थर दिलाय की खाटकाच्या फळीची आठवण यावी. आपली आत्या एखाद्या खटल्यातली बाई दिसते. नावसुद्धा त्यांनीच दिलंय, 'जळीत'.

मला शिसारी आली, ती सरांची आली हे खरंच. पण टाळ्या चालू होत्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, ताई. चक्क बरं वाटलं. ते आठवलं की जेवण जात नाही. दाढीवाल्याने पाठ थोपटली आणि त्याच हाताने पुन्हा वाटी पुढे केली.

चित्र प्रदर्शनाला निवडलंय, पहिलं येईल म्हणतात. मी नको म्हणाले नाही. कसं म्हणू ते सांग. आणि सांगणार नसशील तर निदान आत्याला इकडे येऊ देऊ नकोस.

रागावलीस तरी लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. २१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कामाच्या गडबडीत पत्राला उशीर झाला. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. तुझं चित्र लागतंय, पण ते आतल्या कोपऱ्यात आहे, तिथे उजेडही धड नाही. तू उगाच एवढ्या लांब यायची तसदी घेऊ नकोस. जिना उभा आहे, तुझे गुडघे, शिवाय टर्पेंटाइनच्या वासाने तुला दम लागेल. सुट्टीत मी फोटो आणीन.

सरांनी चित्रावर थोडा हात फिरवला आहे. इथे सगळ्यांच्याच चित्रांवर फिरवतात.

बाकी ठीक. थंडी आहे, जप.

तुझी,
खारूताई


ता. ४ डिसेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मी येऊन गेले. तुझ्या ताईने मला अडवायला इतकी कारणं काढली की न येऊन चालण्यासारखं नव्हतं.

जिना चढले. वासाने दम लागला नाही. कोपरा काही सापडला नाही, मी दारातच होते, डोक्यावर दिवा सोडलेला आणि भोवती माणसं. आधी मला कळेना की ही कोण. हिरवं पोलकं माझं आणि मागे मशीन माझं, म्हणून ओळखलं. लाल रंगाचं मला काही नाही. मटणाचा तुकडा होऊन लटकायचं नशिबात असेल तर ते तरी का चुकेल. पण माझं तोंड कुणी मिटलं गं?

एका बाईंनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन विचारलं की कुणी जाळलं. मी सांगितलं, मीच, भातुकलीत. त्यांचा विरसच झाला. आणखी दोघांनी सॉरी म्हटलं. इतक्या वर्षांत या गालाबद्दल कुणी मला सॉरी म्हटलं नव्हतं. मला घाण वाटली, अंगावर कुणी खरकटं सांडावं तशी.

मग तुझे सर आले. म्हणाले, डाग प्रत्यक्षात फारच छान आहे, एखाद्या शुक्रवारी वर्गात येऊन बसाल का. बोलता बोलता अंगठा माझ्या हनुवटीपर्यंत आला. ओला होता. मी त्यांना सांगितलं की हा रंग वाळलेला आहे.

तुला भेटले नाही. तू लोकांना सरबत देत होतीस, ते अभिनंदन करत होते आणि तू हसत होतीस. मी तशीच मागे फिरले. लोक बघतात याची मला सहाव्या वर्षापासून सवय आहे. तू तसं बघशील याची नव्हती.

उत्तराची घाई नाही.

आत्या


ता. १२ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस त्यातला शब्दही खोटा नाही. कोपरा खोटा होता, उजेड खोटा होता, गुडघे तेवढे खरे.

काल खोली कुणाला ते जाहीर व्हायचं होतं. चित्र भिंतीवर लावलं. मी स्टूल फिरवलं आणि चित्राकडे तोंड करून बसले. सरांनी पाठ करायला सांगितलं. मी उठले, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि खरवडणी घेऊन सुरुवात केली. माझा थर खाली वाळून घट्ट झालेला, त्यांचा वरून सुकलेला पण आत चिकट, सायीसारखा. निघत गेला. सर म्हणाले की मी कलाकृतीची नासधूस करते आहे. मी म्हटलं, नाही सर, तुमची थुंकी पुसते आहे. आणि हेही सांगून टाकलं की ही बाई हसते कारण ती विनोदी आहे, आणि ती माझी आत्या आहे.

दाढीवाल्याने खरवडलेला रंग वाटीत मागितला. तो मात्र मी दिला, सगळाच्या सगळा.

वरची खोली त्याला मिळाली. उत्तरेचा उजेड आता नखांवर पडेल. मला बेसिनशेजारी बसवलंय. जाता येता सगळे माझ्या पाठीवर ब्रश झटकतात.

चित्र पुरतं वाचलं नाही. वरचे दात आले, पुढचा दात आला, दोन टाचण्या आल्या. पण डागाजवळ त्यांनी फार जाड थापलं होतं, तिथे माझाही रंग त्याच्याबरोबर गेला. अर्धा जबडा आणि हनुवटीच्या जागी नुसतं कापड आहे. तुझा डागच गेला, आत्या. मला तो झोपेतसुद्धा काढता येईल, पण मी हात लावलेला नाही. आता मला तो हक्क आहे असं वाटत नाही.

खोलीचं वाईट वाटतं. वाटत नाही असं लिहिलं असतं तर आणखी एक खोटं झालं असतं.

पूर्वीसारखा लोभ मागत नाही. जेवढा उरला असेल तेवढा कळव.

खारूताई


ता. १९ डिसेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

सुट्टी लागली की चित्र घेऊन घरी ये. कापडात गुंडाळ, आणि दाढीवाल्याला जवळ फिरकू देऊ नकोस.

माझा राग गेलेला नाही. तो पत्राने जात नसतो. मी खिडकीपाशी मशीन सरकवून ठेवते, तिथे सकाळी उजेड असतो, कुठल्या दिशेचा ते तू बघ. कोरी जागा माझ्या समोर बसून भरायची, आठवणीने नाही. डाग जिथून सुरू होतो तिथून सुरू करायचा आणि जिथे संपतो तिथे थांबायचं. दात आता राहू दे बाहेर, एवढी मारामारी करून आलाय.

तुमची शुक्रवारची रीत इथेही पाळू, फक्त उलटी. तू रंगवशील तेवढा वेळ मी बोलणार, जे जे मनात आहे ते सगळं, आणि तू माझ्याकडे तोंड करून ऐकायचं. मधे एक अक्षर काढायचं नाही.

ताई तुझ्यासाठी गादी उन्हात टाकते आहे. बाकी भेटीत.

घरात पाऊल टाकण्याआधी हात धू. अंगठा दोनदा.

तुझीच,
आत्या